सातव्या महिन्यातलं बाळ आणि मेंदूचा एमआरआय

"सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणाले ना, मग आता एमआरआय कशाला परत?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर हमखास येतो, बहुतेक वेळा बाळाच्या आजीकडून नाहीतर मामाकडून, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "करंट-बिरंट लागत नाही ना हो त्यात?" मी पणजीत एमआरआय टेक्निशियन आहे. रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, ते रेडिओलॉजिस्ट करतात, पण बाळाला मशिनवर झोपवायचं, चित्रं नीट येईपर्यंत कन्सोलवर बसायचं आणि बाहेर घाबरून बसलेल्या घरच्यांना थोडंफार समजवायचं हे रोजचंच झालंय. तिथं दाराशी उभं राहून दोन मिनिटांत सांगता येत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

आधी कमी दिवसांचं बाळ म्हणजे कुठलं ते बघू. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी जन्मलं की ते प्रीमॅच्युअर. ३२ च्या आधी झालं तर व्हेरी प्रीटर्म आणि २८ च्याही आधी झालं तर एक्स्ट्रीम. २०२० साली जगात अशी १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतातली, म्हणजे आपल्या वाड्यावर एखादं तरी "सातव्या महिन्यात झालेलं" मूल असतंच. पण मेंदूच्या इजेचं बोलायचं तर खरी काळजी ३२ आठवड्यांच्या आतल्यांची, त्यातही २८ च्या आतल्यांची जास्त. ३५-३६ आठवड्यांच्या गुटगुटीत बाळाला उगाच एमआरआय कुणी सांगत नाही, तसंच काही कारण असल्याशिवाय.

आता या बाळांच्या मेंदूला नक्की काय होतं? दोन प्रकार मुख्य, एक रक्तस्राव आणि दुसरा पांढऱ्या भागाची इजा, आणि दोन्ही एकाच बाळात असू शकतात.

मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. त्यांच्या काठाला जर्मिनल मॅट्रिक्स नावाचा एक थर असतो, तिथं मेंदूच्या नव्या पेशी तयार होतात आणि बाहेरच्या बाजूला सरकत आपापल्या जागी जातात. हे काम आटोपलं की तो थर विरून जातो, साधारण ३४ आठवड्यांच्या सुमाराला फारसा उरत नाही. म्हणजे ही सगळी तात्पुरती व्यवस्था, त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्याही तशाच, पातळ भिंतीच्या. पोटात असताना चालून जातं, पण बाळ २७ व्या आठवड्यात बाहेर आलं की एकदम श्वास घ्यायचा, व्हेंटिलेटर, बीपी वर-खाली, इन्फेक्शन, सगळा ताण त्या नाजूक जागेवर येतो. आमच्या गोव्यातली दिवाडी-चोडणकडची खाजन शेतं, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली, ज्यांनी बघितलीत त्यांना हे पटकन कळेल, तिथं मानस असते ना, भरतीचं पाणी किती आत घ्यायचं ते तिच्या दारावर ठरतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूत असं दार तयार असतं, अंगातलं बीपी बदललं तरी मेंदूत रक्त मापातच येतं, पण कमी दिवसांच्या बाळात ते दार अजून नीट चालत नाही आणि भरती-ओहोटी थेट आत, मग मऊ मातीचा बांध कुठंतरी फुटायचाच. बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत होतात ते याचमुळे, आणि म्हणूनच एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूतल्या, सिस्टर पहिले तीन दिवस बाळाला फार हलवू देत नाहीत, त्यात घरच्यांवरचा राग नसतो हो.

या रक्तस्रावाच्या चार ग्रेड आहेत, १९७८ पासून तीच पद्धत चालत आलीय. ग्रेड एक म्हणजे त्या थरापुरतं रक्त, दोन म्हणजे पोकळीत उतरलेलं, तीन म्हणजे पोकळी भरून फुगलेली. चार म्हणजे शेजारच्या मेंदूच्या भागातही रक्त, ते मात्र पोकळीतून सांडून गेलेलं नसतं, आतल्या रक्ताच्या गाठीने तिथल्या शिरा दबतात, रक्त परत फिरायला वाट राहत नाही आणि तो भाग खराब होतो. एक आणि दोन ग्रेडची बरीच बाळं छान वाढतात. तीन-चारमधे पुढं पोकळ्यांतलं पाणी वाढत जाण्याची भीती असते म्हणून टेपने डोक्याचा घेर परत परत मोजतात.

दुसरा प्रकार जास्त छुपा. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातून नसांचे तंतू जातात, त्यांच्यावर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण चढतं, ते असलं की संदेश भराभर जातात. हे वेष्टण बनवणाऱ्या पेशी २३ ते ३२ आठवड्यांच्या काळात अगदी कच्च्या असतात, थोडा वेळ रक्त कमी मिळालं किंवा आईच्या गर्भजलाला इन्फेक्शन झालेलं असलं की त्या मरतात नाहीतर वाढायच्या थांबतात. जोरदार इजा झाली तर तिथं पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट होतात, याला पीव्हीएल म्हणतात. हल्ली एनआयसीयूतली काळजी सुधारल्यामुळे अशा मोठ्या सिस्ट कमी दिसतात, पण बारीक, विखुरलेली इजा अजून दिसते, आणि पायांच्या हालचालीचे तंतू नेमके पोकळीच्या सगळ्यात जवळून खाली जातात म्हणून या बाळांत सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणं, झाली तर हातांपेक्षा पाय जास्त कडक असतात, मूल चवड्यावर चालतं. नवीन आईला एवढं सगळं एका दमात ऐकवू नये असं माझं मत आहे, पण वाचायला मिळावं.

आता सोनोग्राफी. तिला कमी लेखू नका. बाळाची टाळू भरलेली नसते, हाडात मऊ फट असते, जिथं आपल्या आज्या तेल थापायच्या तिथंच प्रोब टेकवून आतलं बघतात. मशिन बाळाच्या पेटीपर्यंत येतं, बाळाला हलवावं लागत नाही, पाच-दहा मिनिटांत होतं, पहिल्या आठवड्यात, महिन्याने आणि घरी सोडायच्या आधी असं परत परत करता येतं. मोठा रक्तस्राव, फुगलेल्या पोकळ्या, मोठ्या सिस्ट तिच्यात व्यवस्थित दिसतात, आणि पहिल्या तीन दिवसांत कधी काय झालं हे कळायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र तिच्या काही आंधळ्या जागा आहेत. पांढऱ्या भागातले टिंबाएवढे डाग तिच्यात बहुतेक वेळा सुटतात, पसरट इजा सुटते, आणि मागचा लहान मेंदू टाळूपासून लांब असल्याने तिथला छोटा रक्तस्रावही राहून जातो. कानामागच्या फटीतून बघितलं तर थोडं बरं दिसतं पण एमआरआयइतकं नाहीच. म्हणजे "सोनोग्राफी नॉर्मल" याचा अर्थ तिला जे दिसू शकतं त्यात काही सापडलं नाही.

एमआरआयमधे क्ष-किरण अजिबात नसतात, हे मी दिवसातून अनेकदा सांगते. आत मोठा चुंबक असतो, आमच्यासारख्या सेंटरात सहसा १.५ टेस्लाचा, कुठं कुठं ३ चा. १.५ म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकत्वाच्या साधारण ३० हजार पट. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो, त्याचे कण या चुंबकात एका दिशेने लागतात, मग रेडिओलहरींचा छोटा धक्का दिला की हलतात आणि परत जागेवर येताना बारीक सिग्नल देतात, तो सिग्नल पकडून चित्र बनतं. जिथं पाणी जास्त तिथं सिग्नल वेगळा, चरबी असेल तिथं वेगळा, जुनं रक्त असेल तर त्यातल्या लोखंडामुळे आणखी वेगळा. म्हणून एकाच बाळाची टी-वन, टी-टू, डिफ्यूजन, ससेप्टिबिलिटी अशी वेगवेगळी चित्रं काढतो, शेवटच्यात महिन्यांपूर्वीचा रक्ताचा ठिपकासुद्धा काळा उठून दिसतो.

यात एक गंमत आहे. नवजात बाळाच्या मेंदूत जवळपास ९० टक्के पाणी आणि मायलिन नावापुरतं, त्यामुळे मोठ्या माणसाच्या चित्रात जे उजळ ते बाळात गडद आणि गडद ते उजळ, सगळं उलटं. मोठ्यांचं सेटिंग तसंच ठेवून बाळाचं स्कॅन केलं तर धुरकट राखाडी काहीतरी येतं, इजा असली तरी त्यात दिसणार नाही. म्हणून शक्यतो नवजात बाळांचे स्कॅन नेहमी होतात अशा ठिकाणी करा, आणि ते वाचणारे रेडिओलॉजिस्ट लहान मुलांचं बघणारे असले तर फार बरं.

कधी करायचा? याला टर्म इक्विव्हॅलंट म्हणतात, म्हणजे बाळ पूर्ण दिवसांनी जन्मलं असतं तर ज्या सुमाराला जन्मलं असतं तेव्हा, साधारण ३८ ते ४२ आठवडे. २८ व्या आठवड्यात झालेल्या बाळासाठी ते जन्मानंतर जवळपास तीन महिन्यांनी येतं. घरचे म्हणतात एवढे दिवस थांबायचं कशाला, लगेच करून टाका ना. पण पहिल्या आठवड्यात बाळ व्हेंटिलेटरवर, एक किलोचं, त्याला बाहेर काढून थंडगार खोलीत नेणं हाच मोठा धोका, आणि दुसरं म्हणजे इजा नेमकी कुठं स्थिरावली हे तेव्हा कळतच नाही. ४० आठवड्यांना मायलिन एका महत्त्वाच्या जागी चढायला लागलेलं असतं, मेंदूच्या घड्या पडलेल्या असतात, त्यामुळे जे राहून गेलंय ते ओळखू येतं. (मोठा रक्तस्राव असला किंवा फिट्स येत असल्या तर डॉक्टर आधीही सांगतात, ती गोष्ट वेगळी.)

तोवर बहुतेक बाळं घरी गेलेली असतात. मग कुणी पेडण्याहून येतं, कुणी काणकोणहून, कुणी वाळपईहून, आणि तास-दोन तासांच्या प्रवासात बाळ गाडीत गाढ झोपतं आणि आमच्या टेबलावर टक्क जागं होतं. या वयाच्या बाळांना शक्यतो झोपेचं औषध न देता करायचा आमचा प्रयत्न असतो, त्याची रीत साधी आहे. गाडीत बाळाला फार झोपू द्यायचं नाही, भूक लागलेली असू द्यायची, सेंटरला आल्यावर आईने पोटभर पाजायचं, ढेकर काढायची आणि मग दुपट्यात हात आत घेऊन घट्ट गुंडाळायचं. वरून एक पिशवी असते, तिच्यात थर्माकोलसारखे बारीक दाणे, बाळाभोवती ती लपेटून आतली हवा ओढून घेतली की बाळाच्या आकारात टणक होते, डोकं हलत नाही. कानात मऊ पुट्टी, वरून छोटे इयरमफ, कारण मशिन १०० डेसिबलच्या घरात आवाज करतं, ठक ठक ठक आणि मधेच भोंग्यासारखा. पायाला ऑक्सिजनचा प्रोब, तोही एमआरआयला चालणाराच. खोली गार असते म्हणून टोपी. एवढं सगळं झालं की दिवे मंद करतो आणि दहा मिनिटं कुणीच काही बोलायचं नाही, बाबांनी तर फोटो काढायला दाराशी यायचंच नाही. बरीच बाळं झोपतात. आवाज एका तालात सुरू असेल तोवर झोपून राहतात आणि सिक्वेन्स, म्हणजे एका प्रकारच्या चित्रांचा संच, संपून शांतता झाली की दचकतात, हे मला अजून मजेशीर वाटतं.

एक मात्र नीट लक्षात ठेवा, झोपेचं औषध द्यायचं ठरलं असेल तर नियम बरोबर उलटा, पोट रिकामं लागतं. त्यामुळे शेजारणीच्या बाळाला काय सांगितलं होतं ते सोडा, तुम्हाला सेंटरने फोनवर जे सांगितलंय तेच करा.

आणि धातू. बाळ आत न्यायच्या आधी आम्ही त्याला पूर्ण उघडं करून तपासतो, तेव्हा पायातले वाळे, कमरेचा करगोटा, मनगटावरचे दृष्टमणी, लंगोटाची सेफ्टी पिन आणि झबल्याच्या आतून पिनेने अडकवलेला ताईत असं सगळं निघतं. "काढू नको गो बाय, देवीचं आहे ते," असं आजी म्हणतात तेव्हा मी तो त्यांच्याच हातात देते, आजी तुम्ही मुठीत धरून बाहेर बसा, स्कॅन झाला की परत बांधा. चांदी-सोनं चुंबकाकडे ओढलं जात नाही पण चित्र बिघडतं, तापूही शकतं, आणि पिन मात्र खरोखर उडते. साधा ऑक्सिजन सिलिंडर तर जीवघेणा, २०१८ साली मुंबईत एका हॉस्पिटलमधे सिलिंडर घेऊन एमआरआय रूममधे गेलेल्या नातेवाईकाचा जीव गेला होता. म्हणून आम्ही दारावर चिडचिड करतो, ती सहन करा.

मग रिपोर्ट येतो आणि तिथून खरा गोंधळ सुरू होतो, कारण लोक तो हातात पडल्या पडल्या मोबाईलवर सर्च करतात. त्यातले काही शब्द. "पीएलआयसी मायलिनेशन" असं लिहिलेलं असेल तर ती आधी बघण्याची जागा, मेंदूपासून हातापायांकडे जाणाऱ्या तंतूंची अरुंद वाट, ४० आठवड्यांना तिथं मायलिनची उजळ रेघ दोन्ही बाजूंना सारखी दिसायला हवी. ग्रेड चारचा रक्तस्राव झालेल्या बाळात ती रेघ एका बाजूला असेल आणि दुसऱ्या बाजूला नसेल, तर पुढं अर्ध्या अंगात कमजोरी येण्याची शक्यता बरीच असते. "पंक्टेट व्हाइट मॅटर लीजन" म्हणजे ते टिंबाएवढे डाग, एक-दोन असले तर फारसं बिघडत नाही, खूप असले आणि हालचालीच्या तंतूंच्या वाटेवर असले तर लक्ष ठेवावं लागतं. "थिन कॉर्पस कॅलोसम", "माईल्ड व्हेंट्रिक्युलोमेगली" यांचा अर्थ पांढरा भाग थोडा कमी भरलाय. आणि एक लांबलचक नाव असतं, "डिफ्यूज एक्सेसिव्ह हाय सिग्नल इंटेन्सिटी", वाचूनच छातीत धडधडायला लागतं, पण कमी दिवसांच्या खूप बाळांत ४० आठवड्यांना हे दिसतं आणि एकट्या त्यावरून पुढचं काही सांगता येत नाही. मला विचाराल तर रिपोर्टमधे सगळ्यात भीतीदायक वाटणारी आणि सगळ्यात कमी कामाची ओळ बहुतेक वेळा हीच असते.

हे सगळं कितपत खरं ठरतं? २००६ साली न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या १६७ बाळांचा एक अभ्यास आला, सगळी ३० आठवडे किंवा त्याआधी जन्मलेली, ४० आठवड्यांच्या सुमाराला एमआरआय केला आणि दोन वर्षांनी मुलं तपासली. साधारण पाचातल्या एकाला पांढऱ्या भागात मध्यम किंवा जास्त बिघाड होता, आणि त्यांच्यात चालणं, शिकणं मागे पडण्याचं प्रमाण स्पष्ट जास्त निघालं, सोनोग्राफीने कळलं नसतं तेही एमआरआयने कळलं. पण त्या बिघाडवाल्यांतली सगळीच मागे पडली नाहीत, आणि चित्र चांगलं असलेल्यांतलीही काही पडली. पुढे लंडनकडे ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ५११ बाळांवर आणखी एक अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला, तिथं प्रत्येक बाळाचं दोन्ही केलं आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून काही आईबापांना एमआरआयचा निकाल सांगितला, काहींना सोनोग्राफीचा. एमआरआय कळलेल्या आयांची काळजी किंचित कमी झाली, पुढचं सांगण्यात एमआरआय थोडाच सरस ठरला आणि खर्च जास्त आला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मधे सरसकट प्रत्येक कमी दिवसांच्या बाळाचा एमआरआय करू नका असंच सांगितलं.

मला ते पटतं, माझं पोट या मशिनवर असलं तरी. २६ आठवड्यांचं बाळ असेल, सोनोग्राफीत ग्रेड तीन-चार असेल, सिस्ट असतील, डोक्याचा घेर वेडावाकडा वाढत असेल, फिट्स आल्या असतील, डॉक्टरांना तपासताना हातपाय कडक लागत असतील, तर जरूर करावा. ३१-३२ आठवड्यांचं बाळ, सोनोग्राफ्या चांगल्या, दूध पितंय, वजन घेतंय, तिथं डॉक्टरांना सरळ विचारा, रिपोर्टमुळे तुम्ही उपचारात काय बदलणार आहात? उत्तर "काहीच नाही" असेल तर ते पैसे आणि धावपळ वाचवा. डीडीएसएसवायचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं, कार्ड असेल तर आधी चौकशी करा, ही चौकशी लोक बिल भरल्यावर करतात.

आणि झालेली इजा पुसून टाकणारं औषध आज नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. टाळण्याचे उपाय आधीच्या टप्प्यावर असतात, लवकर कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं, मॅग्नेशियम सल्फेट, जन्मल्यावर नाळ जरा थांबून कापणं, म्हणून अशी आई वेळेत बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलसारख्या मोठ्या एनआयसीयूच्या ठिकाणी पोचणं फार मोलाचं, बाळ जन्मल्यावर न्यायच्या ऐवजी पोटात असतानाच.

नंतरचं काम म्हणजे लक्ष ठेवणं. तीन ते पाच महिन्यांच्या बाळाला उताणं ठेवून व्हिडिओ काढतात आणि त्याच्या हालचाली बघतात, या वयात निरोगी बाळाच्या सगळ्या अंगात बारीक, सतत, नाचऱ्या हालचाली असतात, त्या नसल्या तर धोक्याची खूण. शिवाय हॅमरस्मिथ नावाची हाताने करायची तपासणी. एमआरआय, हालचालींचा व्हिडिओ आणि ही तपासणी, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर सहा महिन्यांच्या आतसुद्धा सेरेब्रल पाल्सीची शक्यता बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते, पूर्वी यासाठी मूल दीड-दोन वर्षांचं व्हायची वाट बघायचे आणि तोवर फिजिओथेरपीचा चांगला काळ निघून जायचा. सरकारच्या आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, या योजनेत, जी २०१३ पासून आहे, अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरची सोय ठेवलीय, त्याबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. डोळ्यांची आणि कानांची तपासणी तर एमआरआय होवो न होवो करायचीच.

वय मोजताना मात्र करेक्टेड वय धरा. बाळ १२ आठवडे आधी झालं असेल तर तेवढे वजा करायचे, म्हणजे सहा महिन्यांचं दिसणारं बाळ खरं तर सव्वातीन महिन्यांचं, ते बसत नाही म्हणून शेजाऱ्यांच्या मुलाशी तुलना करून रडत बसू नका. स्कॅनच्या फॉर्मवरसुद्धा जन्मतारखेबरोबर किती आठवड्यांना जन्मलं ते ठळक लिहा, नाहीतर वाचणारा डॉक्टर तीन महिन्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळाशी ताडून बघेल आणि मायलिन कमी आहे असं उगाच लिहून टाकेल. आणि निघताना रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी मागून घ्या, फिल्मवर मोजकीच चित्रं असतात, पुढं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली की त्यांना सगळे सिक्वेन्स लागतात.